पिढ्यांची माध्यमे आणि लांजीची लोकशाही

तरुण पिढी वाचत नाही, तिला देशाची जाण नाही, तिची लोकशाही मोबाइलच्या पडद्याएवढी आहे, ही तक्रार हल्ली कोणत्याही साहित्यिक बैठकीत हमखास ऐकू येते. तक्रार करणारे बहुधा साठी ओलांडलेले असतात आणि ज्यांच्याविषयी ती केली जाते ते बहुधा त्या बैठकीला आलेलेच नसतात. त्यामुळे तिला उत्तर मिळत नाही, आणि उत्तर मिळाले नाही म्हणून ती सिद्ध झाली असे धरले जाते. या पानांकडे येणाऱ्या लेखांतूनही हा सूर वारंवार डोकावतो. ही तक्रार अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच ती दिशाभूल करते, असे आमचे स्पष्ट मत आहे. या लेखात ते आम्ही आडपडदा न ठेवता मांडणार आहोत.

वर्तमानपत्र, आकाशवाणी, दूरदर्शन, वृत्तवाहिनी आणि आता हातातला फोन: प्रत्येक पिढीला तिच्या माध्यमाने देशाचे एक चित्र दिले आणि त्या पिढीने त्या चित्रालाच देश मानले. वृद्धांचे चित्र शांत व संथ होते, तरुणांचे गोंगाटाचे व वेगवान आहे. फरक आहे तो एवढाच. दोन्ही चित्रे दुरून काढलेली होती आणि दोन्हींत लांजी नव्हती. नागरिक ज्या गावात राहतो, जिथे मत देतो, जिथे त्याचे धान मोजले जाते, ते गावच ज्या चित्रात नाही, त्या चित्रावरून घडलेली लोकशाहीची कल्पना कोणत्याही पिढीची असली तरी ती लंगडीच राहणार.

लांजीचे स्थान लक्षात घेतल्याशिवाय हा मुद्दा नीट समजणार नाही. आमचे गाव बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. एका बाजूला महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे इंग्रजी अमदानीत १८६७ साली बालाघाट जिल्हा निर्माण झाला तेव्हा भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग त्यात घालण्यात आले. स्वातंत्र्यानंतरही आमची राजधानी नागपूरच होती, आणि त्या जुन्या मध्य प्रदेशाने १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान दिले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. नदी तीच राहिली, सोयरीक तीच राहिली, बाजारही पुष्कळसा तोच राहिला. बदलली ती सरकारी कागदाची भाषा, आणि तिच्याबरोबर हळूहळू बातमीची वाटही.

जुन्या पिढीला ज्या वाचनसंस्काराचा अभिमान वाटतो, त्याचा पाया वर्तमानपत्राने घातला, हे आम्ही आदराने मान्य करतो. या प्रदेशाच्या संदर्भात तर माधवराव सप्र्यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दमोह जिल्ह्यातल्या पथरिया येथे जन्मलेल्या या मराठीभाषक गृहस्थाने १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' काढले, १९०७ साली नागपुरातून टिळकांच्या विचारांचा 'हिंदी केसरी' सुरू केला आणि १९०८ साली त्यासाठी अटकही सोसली. मराठी घरातला माणूस हिंदीत लिहून हिंदुस्थानाविषयी बोलतो, आणि त्यात त्याला वा वाचकाला काही विसंगत वाटत नाही, अशी ती राष्ट्रीयता होती. आज भाषेच्या नावाने छाती बडवणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

परंतु ते वर्तमानपत्र वाचत कोण होते? वकील, मास्तर, मालगुजार, दुकानदार. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर चिन्ह चिकटवावे लागले. देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख दिली होती. म्हणजे ज्या काळाला आपण जाणत्या वाचकांचा काळ म्हणून गौरवतो, त्या काळी लोकशाही उभी राहिली ती न वाचणाऱ्यांच्या खांद्यावर. १९५४ साली शेजारच्या भंडारा मतदारसंघात डॉ. आंबेडकर पोटनिवडणुकीला उभे होते आणि पराभूत झाले. राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला ज्या काळाने लोकसभेत पाठवले नाही, त्या काळाला केवळ तो वर्तमानपत्र वाचत होता म्हणून शहाणपणाचा दाखला देणे आम्हांस जमणार नाही.

मग आकाशवाणी आली. नागपूर केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले आणि न वाचणाऱ्यालाही देश ऐकू येऊ लागला. हा उपकार लहान नव्हता. पण या माध्यमाने आणखीही एक सवय लावली. बातमी ही वरून येते, एकाच आवाजात येते आणि तिला उलट विचारायचे नसते, ही ती सवय. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा देशाने याच रेडिओवर ऐकली. पुढचे एकवीस महिने रेडिओ शासनाचेच बोलत राहिला आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉरचा हात होता. आजच्या तरुणांना 'तुम्ही दाखवतील ते खरे मानता' असे सुनावणाऱ्यांनी त्या एकवीस महिन्यांची आठवण ठेवावी. त्या वेळी पडताळून पाहायला दुसरी खिडकीच नव्हती.

आणि तरीही १९७७ च्या मार्चमध्ये काय घडले? मध्य प्रदेशातील ४० लोकसभा मतदारसंघांपैकी सत्ताधारी काँग्रेसला एकच, छिंदवाड्याचा, राखता आला. बालाघाटनेही तिला नाकारले. रेडिओने सांगितले नव्हते, छापून आले नव्हते, तरी लोकांना कळले होते. कसे कळले? बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, नसबंदीच्या भीतीने दार लावून घेतलेल्या घरांतून. या एका निकालात आमच्या साऱ्या विवेचनाचे बीज आहे. माध्यम माणसाच्या समजुतीला आकार देते हे खरे, पण ज्या गोष्टीचा माणसाला स्वतः अनुभव आहे तिथे त्याला सहसा फसवता येत नाही. माध्यमाची सत्ता चालते ती अनुभव संपतो त्या सीमेपलीकडे. म्हणूनच नागरिकाचा सार्वजनिक कामाचा अनुभव जितका आटेल तितकी माध्यमाची सत्ता वाढेल.

दूरदर्शनच्या पिढीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' आणि १९८८ च्या ऑक्टोबरात 'महाभारत' आले, आणि रविवारच्या सकाळी अवघा देश एकाच वेळी एकच दृश्य पाहू लागला. राष्ट्र म्हणजे एकत्र पाहणे, ही भावना त्या पिढीच्या मनात तेव्हा रुजली. तिच्यात जिव्हाळा होता, हे आम्ही नाकारत नाही. शेजाऱ्याच्या ओसरीवर जातपात विसरून दाटीवाटीने बसणारी माणसे हेही राष्ट्राचेच रूप होते. मात्र एकत्र पाहणे आणि एकत्र ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहणारा प्रेक्षक असतो, ठरवणारा नागरिक असतो. त्या पडद्याने पहिला घडवला आणि दुसऱ्याला विश्रांती दिली.

वृत्तवाहिन्यांच्या काळाचे मोजमाप आम्ही एका वर्षावरून करतो. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध घरोघर दिसले आणि सैनिकाविषयीची कृतज्ञता या देशात नव्याने जागी झाली. त्याच वर्षी डिसेंबरच्या मध्यावर, लांजीच्या शेजारच्या किरनापूर भागात, मध्य प्रदेशाचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी सोनपुरी या त्यांच्या गावी हत्या केली. राज्याचा विद्यमान मंत्री आपल्याच घरी मारला जातो, ही लोकशाहीवरची केवढी जखम! पण पुढच्या दहा दिवसांच्या आत काठमांडूहून निघालेल्या विमानाचे अपहरण झाले, देशाचे डोळे कंदाहारकडे लागले आणि बालाघाट विस्मरणात गेला. कंदाहारची बातमी मोठी होती यात शंका नाही. प्रश्न असा, की त्यानंतर तरी कोणी कॅमेरा घेऊन परतले का? या भागातल्या माणसाला जंगलातला बंदूकवाला आणि त्याच्या मागावरचा बंदूकवाला या दोघांच्या मध्ये मतदान करणे म्हणजे काय असते, हे कोणी विचारले का? आमच्या वाट्याला जे आले ते 'नक्षलग्रस्त' हे एक विशेषण. विशेषण चिकटले की बातमीची गरज उरत नाही.

मराठी वाहिन्यांनी आमच्यासारख्यांची वेगळीच पंचाईत केली. २००७ साली 'स्टार माझा' आणि 'झी २४ तास', पुढच्या वर्षी 'आयबीएन लोकमत' अशा मराठी वृत्तवाहिन्या एकामागून एक आल्या. आपल्या भाषेत दिवसभर बातम्या, याचे अप्रूप सीमेपलीकडल्या मराठी घरांनाच अधिक होते. परंतु त्या पडद्यावरचा मराठी माणूस मुंबईचा, पुण्याचा, फार तर नागपूरचा. २००८ साली मुंबईत परप्रांतीयांविरुद्ध आंदोलन पेटले तेव्हा या वाहिन्यांवरच्या चर्चेत 'आपण' आणि 'ते' अशी सरळ वाटणी होती. लांजीच्या मराठी घराने स्वतःला कोणत्या रांगेत उभे करावे? भाषेने 'आपण', शिधापत्रिकेवरच्या राज्याने 'ते'. आमची मुले पुण्याला शिकायला वा कामाला गेली की त्यांच्या मराठीतला हिंदीचा वास हेरला जातो, आणि भोपाळला गेली की आडनावावरून त्यांना मराठी ठरवले जाते. ज्या माणसाला दोन भाषा येतात तो दोन्हींकडून अर्धा मोजला जातो. वस्तुतः राष्ट्रीय ओळख म्हणतात ती याहून वेगळी काय असते? सप्र्यांना जे सहज साधले होते ते वाहिन्यांनी संशयास्पद करून ठेवले.

हा अन्याय केवळ मराठीवर झाला असे म्हणणे आत्मकेंद्री ठरेल. बालाघाट, शिवनी, गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांतील असंख्य घरांत पोवारी बोलली जाते. जनगणना तिला हिंदीच्या पोटात मोजते. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक होते, तरी ती भाषा आठव्या अनुसूचीत नाही. वृत्तवाहिनी मराठी असो की हिंदी, या भाषांना तिथे स्थान नाही. ज्या भाषेत आजी नातवाशी बोलते त्या भाषेत देश कधी बोललाच नाही, तर त्या नातवाची राष्ट्राविषयीची कल्पना कानावरून जाणाऱ्या घोषणेपुरतीच राहणार.

आता फोनच्या पिढीकडे येऊ. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट खेड्यापाड्यांत पोहोचले आणि प्रत्येकाच्या खिशात एक छापखाना आला. त्याचे भयंकर रूप आपण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवरून पसरल्या होत्या. सोलापूरकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. लोकशाहीची सर्वांत खालची, सर्वांत जवळची जी वास्तू, तिच्या चार भिंतींत हे घडले. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश पाचांहून अधिक जणांना एका वेळी पुढे पाठवता येणार नाही असा निर्बंध आणला. पण पाठवणारे केवळ तरुण होते काय? नातेवाइकांच्या गटांवर सकाळी सुविचार, दुपारी अफवा आणि रात्री देशभक्ती पाठवणाऱ्यांत पांढऱ्या केसांची मंडळी थोडीथोडकी नाहीत. एकाच आवाजावर विश्वास ठेवण्याची जी सवय रेडिओने लावली ती फोनवर आली तेव्हा आवाज शेकडो झाले, विश्वास मात्र तसाच राहिला. तरुणांच्या बाबतीत उलटे झाले. त्यांचा कोणत्याच आवाजावर विश्वास नाही, म्हणून जो आवडतो तो खरा. दोघांचा रोग वेगळा, परिणाम एकच.

याच फोनचे दुसरे रूपही आमच्या शेजारीच घडले आहे. २०१० साली छत्तीसगडच्या आदिवासी भागातून शुभ्रांशु चौधरी यांनी 'सीजीनेट स्वर' हा उपक्रम सुरू केला. साध्या फोनवरून एका क्रमांकाला फोन करायचा, गोंडीत किंवा हिंदीत आपल्या गावची बातमी सांगायची, आणि ती तपासल्यानंतर इतरांनी फोनवरच ऐकायची. बंद पडलेला हातपंप, न मिळालेली मजुरी, न येणारा शिक्षक, हे त्या बातम्यांचे विषय. यंत्र तेच, पण एकाने माणसे मारली आणि दुसऱ्याने माणसांना वाचा दिली. फरक यंत्रात शोधणाऱ्यांना तो सापडणार नाही. बातमी कोणाची आणि ती तपासतो कोण, या दोन प्रश्नांच्या उत्तरात तो आहे.

आमच्या भागातील एका ताज्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. धान हे आमचे जीवन आहे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन्ही राज्यांत धानाला क्विंटलमागे ३१०० रुपये देण्याचे आश्वासन दिले गेले. त्या वर्षीचा केंद्राचा साधारण धानाचा आधारभूत भाव २१८३ रुपये होता. छत्तीसगडच्या शेतकऱ्याला तो वाढीव भाव मिळू लागला. मध्य प्रदेशात मात्र त्याच्या पुढच्या, २०२४-२५ च्या हंगामातही खरेदी २३०० रुपयांच्या आधारभूत भावानेच झाली. सीमेवरच्या शेतकऱ्याला हे कोणत्या वाहिनीने सांगावे लागले नाही. नात्यातल्या माणसाने सांगितले, कारण अलीकडे एक भाव आणि पलीकडे दुसरा. दिलेला शब्द, लागणारा काळ, जबाब मागण्याचा हक्क, असे लोकशाहीचे सारे शिक्षण या एका प्रश्नात सामावलेले आहे. पण रात्रीच्या चर्चेत हा प्रश्न येत नाही. त्या चर्चेत राष्ट्र धोक्यात असते, आणि राष्ट्र धोक्यात असताना धानाचा भाव विचारणे क्षुद्रपणाचे वाटू लागते. माध्यम राष्ट्रीयतेची कल्पना कशी घडवते याचे याहून स्वच्छ उदाहरण आमच्याजवळ नाही. नागरिकाने आपला हिशेब मागायला लाजावे, एवढी ती कल्पना मोठी करून ठेवली जाते.

यावर एक आक्षेप येईल, तो रास्तही आहे. सारेच आपापल्या गावाच्या धानाविषयी आणि हातपंपाविषयी बोलू लागले तर देशाविषयी कोण बोलणार? राष्ट्रीयत्व हे गावकीच्या वर उठण्याचेच नाव नाही काय? आमचे उत्तर असे की वर उठण्यासाठी पायाखाली जमीन लागते. गावच्या पंचायतीचा खर्च कधी तपासून न पाहिलेला माणूस देशाच्या अंदाजपत्रकावर मत देतो तेव्हा ते मत त्याचे नसते, काल ऐकलेल्या निवेदकाचे असते. व्यक्तिपूजा राजकारणात आली की ती अधोगतीकडे नेते, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. दुरून दिसणाऱ्या नेत्याची पूजा करता येते. रोज समोर येणाऱ्या सरपंचाची पूजा करता येत नाही, त्याला जाब विचारावा लागतो. म्हणून जवळची लोकशाही ही भक्तीवरचा उतारा आहे.

आणि ही जवळची लोकशाही आमच्यापाशी आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींच्या निवडणुका सर्वांत आधी घेणारे राज्य म्हणजे मध्य प्रदेश, साल १९९४. आमच्याकडे ग्रामसभा सामान्यतः २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. पलीकडे महाराष्ट्रात १४ एप्रिलऐवजी १ मे असतो, एवढाच फरक. या चारही तारखा राष्ट्राच्या स्मरणाच्या आहेत, हे आम्हांस सूचक वाटते. ज्याने हा नियम केला त्याला राष्ट्र आणि गावचा हिशेब या दोन गोष्टी एकाच दिवशी एकाच जागी बसवायच्या असाव्यात. आज घडते ते असे की झेंडावंदनाचे चित्र फोनवरून शंभर ठिकाणी जाते आणि ग्रामसभेचे इतिवृत्त मात्र वहीत बंद राहते. गणपूर्तीसाठी घरोघर फिरून सह्या गोळा होतात. सभेला कोण आले नाही? वाचणारे आले नाहीत, पाहणारे आले नाहीत, आणि स्क्रोल करणारेही आले नाहीत. या गैरहजेरीत पिढ्यांचा भेद नाही.

तेव्हा पिढ्यांनी परस्परांवर बोट दाखवणे थांबवावे, अशी आमची मागणी आहे, आणि ती पोकळ राहू नये म्हणून तीन गोष्टी आम्ही सुचवतो. पहिली, प्रत्येक ग्रामसभेचे इतिवृत्त फोनवर ध्वनिमुद्रित करून ते गावाच्या भाषेत, मग ती मराठी असो, पोवारी असो की गोंडी, गावातच ऐकवले जावे. हे काम तरुणांनीच करावे, कारण ते त्यांनाच येते. दुसरी, जुन्या पिढीने आपल्या वाचनाचा उपयोग तक्रारीऐवजी तपासणीसाठी करावा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. त्याचा अर्ज नीट भाषेत लिहिणे हे आम्हां लेखनकामाठी करणाऱ्यांचे काम आहे, आणि कवितेइतकेच प्रतिष्ठेचे आहे. तिसरी, साहित्यसंस्थांनी आपल्या अंकांत गावच्या बातमीला हक्काची जागा द्यावी. धानाच्या भावावरचा लेख निबंधाच्या पंक्तीला बसत नाही, हा सोवळेपणा सोडावा. ज्या भाषेत हिशेब मागता येत नाही ती भाषा केवळ समारंभाची उरते, आणि समारंभाची भाषा फार काळ टिकत नाही.

दिल्लीने, मुंबईने, भोपाळने आपल्याला दाखवावे याची वाट किती काळ पाहायची? चार माध्यमे आली, चार पिढ्या झाल्या, आणि अजून कॅमेरा बाघ नदी ओलांडून फिरकलेला नाही. तो येणार नाही, असे धरूनच आता चालले पाहिजे. पुढची ग्रामसभा कोणत्या तारखेला आहे हे वर दिलेच आहे. वाचकहो, तिथे तुमच्या शेजारी तुमचा नातू बसलेला असेल, तर या लेखातला सगळा वाद आम्ही आनंदाने मागे घेऊ.